‘तू फक्त दोर धर!’

गेल्या कोजागिरीला आमच्या मंडळात दूध आटत असताना गप्पांचा ओघ अमेरिकेतल्या मुलाबाळांकडे वळला. तो वळला नाही अशी कोजागिरी अलीकडे मला आठवत नाही. मीही त्या दोषापासून मुक्त नाही. मुलाकडे मिनेसोटा राज्यात काढलेल्या उन्हाळ्याचे वर्णन मी करीत होतो. तेथे नवरा-बायको मोटारीमागे ट्रेलर जोडून, त्यावर आपली होडी लादून तळ्यावर कशी नेतात, पाण्यात कशी उतरवतात आणि संध्याकाळी पुन्हा कशी चढवतात, हे सांगता सांगता माझ्या तोंडून निघून गेले की ही विद्या दोघांनी मिळून शिकली पाहिजे, आणि ती दोघांनाही संपूर्ण आली पाहिजे. त्यावर एक सेवानिवृत्त मुख्य अभियंते म्हणाले, “अहो, एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. गाडी आणि होडी नवऱ्याने सांभाळावी, बायकोने दोर धरावा. दोघांनी शिकायचे म्हटले की भांडण ठरलेले.” (हे माझे स्नेही आहेत आणि हा लेख वाचल्यावरही राहतील अशी आशा आहे.) सगळे हसले. बायकाही हसल्या. आमची सौ. तेवढी हसली नाही. ती दुधात केशर घालीत होती आणि ते काम तिने पुढे चालू ठेवले.

त्या रात्री मी उत्तर दिले नाही. मंडळात उत्तरे देऊ नयेत, दूध प्यावे, असे माझे जुने धोरण आहे. परंतु अभियंतेसाहेबांचे ते वाक्य होडीपुरते नाही, आणि आपल्यासारख्या बदलीच्या नोकरीत जन्म काढलेल्या माणसांच्या घरांत ते फार खोलवर रुजलेले आहे, असे माझे मत आहे. म्हणून हा प्रपंच.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडे सांगावे लागेल. मिनेसोटात दहा एकरांहून मोठी अशी ११,८४२ तळी आहेत. पुष्कळ तळ्यांच्या काठी काँक्रीटचा एक सार्वजनिक उतार बांधलेला असतो आणि त्याच्या शेजारी लाकडी धक्का असतो. उताराला ढाळ साधारणपणे शंभर फुटांस बारा ते पंधरा फूट. होडी एरवी घरच्या अंगणात ट्रेलरवर बसलेली असते. सुट्टीच्या दिवशी मोटारीच्या मागच्या लोखंडी गोळ्यावर ट्रेलरची मान बसवायची, साखळ्या एकमेकींवरून तिरप्या घालून अडकवायच्या आणि निघायचे. तळ्यावर आले की मोटार पाण्याकडे पाठ करून उतारावरून मागे घ्यायची. ट्रेलर पाण्यात बुडू लागतो, होडीची मागची बाजू तरंगते. मग पुढच्या टोकाला ओढून धरणारा विंचचा पट्टा सोडायचा, होडी दोरांनी धक्क्याशी धरून ठेवायची आणि रिकामा ट्रेलर घेऊन मोटार वर न्यायची.

सांगायला एवढेच. पण ट्रेलर जोडलेली मोटार मागे घेताना सगळा व्यवहार उलटा होतो. स्टिअरिंग उजवीकडे फिरवले की ट्रेलर डावीकडे वळतो. आणि ट्रेलर जितका आखूड तितका तो चपळ व बेइमान. वेळीच सावरले नाही तर कातर मिटावी तसे मोटार आणि ट्रेलर एकमेकांवर मिटतात. हे सारे मागे रांगेत सात-आठ मोटारी उभ्या असताना करायचे. त्या मोटारींतले लोक काही बोलत नाहीत, नुसते पाहतात.

जूनमधल्या एका शनिवारी आमच्या चिरंजीवांनी हा प्रयोग आमच्यासमोर केला. होडी त्याने वसंतात जुनी विकत घेतलेली, सतरा फूट लांबीची, अ‍ॅल्युमिनियमची. एका मित्राबरोबर दोनदा जाऊन तो ‘सगळे’ शिकून आला होता. सूनबाई काही शिकली नव्हती, कारण तिला कोणी बोलावले नव्हते. ती तेथल्या एका इस्पितळात बालरोगतज्ज्ञ आहे. रात्रीबेरात्री दुसऱ्यांच्या तान्ह्या जिवांचा भार उचलते. तिला त्या सकाळी नेमून दिलेले काम असे: धक्क्यावर उभे राहायचे आणि दोर धरायचा. बाकी सूचना वेळोवेळी मोटारीच्या खिडकीतून मिळत होत्या. “डावीकडे बघ! डावीकडे म्हणजे माझ्या डावीकडे!” तिने काय बघायचे, बघून काय सांगायचे, ते त्याला आरशात दिसणार की नाही, हे काहीच ठरलेले नव्हते. तिने एकदा विचारले, “मागे दुसरा दोर बांधायचा नाही का?” त्यावर आतून आवाज आला, “तू फक्त दोर धर!”

होडी सुटली. नाळेला एकच दोर. वाऱ्याने मागची बाजू फिरली आणि शेजारच्या माणसाच्या नव्या होडीला घासली. तो माणूस सभ्य होता. चिरंजीव धावत आले आणि काय बोलायचे ते सूनबाईला बोलले. तोवर मी पाहिले की आमच्या होडीत पाणी भरत आहे. होडीच्या तळाशी मागच्या बाजूस एक भोक असते, आत साचलेले पाणी काढून टाकण्यासाठी. त्याला बूच असते. एका तळ्यातील उपद्रवी शिंपले व पाणवनस्पती दुसऱ्या तळ्यात जाऊ नयेत म्हणून होडी रस्त्याने नेताना हे बूच काढून ठेवावे असा त्या राज्याचा कायदाच आहे. अर्थात पाण्यात उतरण्यापूर्वी ते दर खेपेस परत लावावे लागते. आमचे बूच मोटारीत, चहाच्या पेल्याशेजारी होते.

आता अभियंतेसाहेबांना माझा पहिला प्रश्न असा की, येथे भांडण कशामुळे झाले? दोघांनी शिकल्यामुळे की एकानेच शिकल्यामुळे? ज्याला सगळे येत होते तो बूच विसरला. माणूस विसरतोच. परंतु जिला बूच नावाची वस्तू असते हेच सांगितलेले नव्हते ती त्याला आठवण कशी करून देणार? दोराची शंका तर तिने काढलीही होती, आणि ती खरी होती. मी हिशेब-तपासणी खात्यात आयुष्य घालवले. जो पैसे देतो त्यानेच ते तपासायचे नाहीत, हा तेथला पहिला धडा. आणि तपासणाऱ्याला जर हिशेब कळतच नसेल तर त्याची सही ही शाईची नासाडी, हा दुसरा. हे दोन्ही धडे मी तीस वर्षे इतरांना शिकवले. घरी आलो की मात्र पेटी बंद.

हे म्हणताना मी मुलाकडे बोट दाखवीत नाही. त्याने ते वाक्य कोठून उचलले हे मला ठाऊक आहे. माझ्या नऊ बदल्या झाल्या. दर बदलीला सामानाची बांधाबांध, मुलांच्या शाळांचे दाखले, गॅसचे कागद, नव्या गावातला दूधवाला, सगळे सौ. करीत असे, आणि त्यातले मला आजही फारसे येत नाही. उलट बँक, विमा, भविष्यनिर्वाह निधी, प्राप्तिकर हे माझे प्रांत. तेथे तिने फक्त मी दाखवीन तेथे सही करायची. आम्ही या व्यवस्थेला सुखाचा संसार म्हणत होतो. १९९१ साली शिलाँगला मी विषमज्वराने पडलो. सहा आठवडे इस्पितळात होतो, त्यांतले पहिले दहा दिवस शुद्धीत नसल्यासारखाच. बँकेतले खाते माझ्या एकट्याच्या नावावर. घरात दोन लहान मुले, गाव परके, भाषा परकी. आणि खात्यात पैसे असून या बाईने शेजारच्या एका बंगाली कुटुंबाकडून उसने घेऊन महिना काढला. मी बरा झाल्यावर तिने ते पैसे फेडायला माझ्याकडून घेतले आणि एवढेच म्हणाली, “अहो, मला विचारायचेच राहून गेले होते, चेकबुक असते कुठे?” त्यानंतरही ते खाते दोघांच्या नावावर व्हायला तीन वर्षे लागली. का लागली याचे माझ्याकडे सांगण्यासारखे कारण नाही.

आपल्याकडे हा होडीचा वाद होत नाही, असे कोणी म्हणेल. होत नाही हे खरे, पण त्याचे कारण आपण थोर आहोत हे नव्हे. हैदराबादेस असताना हुसेनसागरावर आणि पुढे भोपाळच्या बड्या तलावावर मी शिडाच्या होड्या पाहिल्या. तेथील लहान होड्या हलक्या असतात. त्यांना मोटार लागत नाही. दोन चाकांच्या हातगाड्यावरून त्या ढकलत पाण्यात नेता येतात. दोन माणसांनी सहज करावे असे काम. पण साहेब आणि बाईसाहेब काठावर उभे असत, खलाशी कमरेइतक्या पाण्यात शिरून होडी धरून ठेवीत, आणि साहेब बूट न भिजवता आत पाऊल टाकीत. ज्या घरात गाडीला ड्रायव्हर, दाराला चपराशी आणि होडीला खलाशी, त्या घरात नवरा-बायकोचे भांडण होण्याइतके काम दोघांच्या वाट्याला एकत्र येतच नाही. मग निवृत्तीनंतर एक दिवस दोघेच उरतात, आणि कळते की एकाला हुकूम देता येतात, दुसरीला ते निमूटपणे ऐकता येतात, परंतु दोघांनी मिळून एक खाट दारातून बाहेर काढायची म्हटली तर ती अडकते.

अभियंतेसाहेबांचा दुसरा मुद्दा मला कोजागिरीनंतर फोनवरून कळला. ते म्हणाले, आपल्या कोळ्यांचे पाहा. पुरुष समुद्रावर, बाई बाजारात. शेकडो वर्षे चाललेली विभागणी आहे, आणि ती उत्तम चालते. उदाहरण चांगले आहे, पण ते माझ्या बाजूचे आहे. मासळीचा भाव कोळीण ठरवते, पैसा तिच्या हातात येतो, आणि तिच्या टोपलीत हात घालून भाव सांगण्याची छाती तिच्या नवऱ्याला होत नाही. म्हणजे तेथे दोन कामे आहेत आणि दोन धनी आहेत. दोर धरणाऱ्या बाईला कोणत्या कामाचे धनीपण आहे? तिला तर दोर कोणता आणि का, हेही विचारायची मुभा नाही. कामे वाटून घेणे वेगळे आणि ज्ञान एकाकडे ठेवून श्रम दुसऱ्याकडे देणे वेगळे.

‘बायकांना अंतराचा अंदाज नसतो’ हा तिसरा मुद्दा त्यांनी मांडला नाही, परंतु त्या रात्री दुसऱ्या एकाने हळूच मांडला होता. त्याला लांबलचक उत्तराची गरज नाही. आपल्या नौदलाच्या दिलना के. आणि रूपा ए. या दोन महिला अधिकारी ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेवरून, दोघीच, ऑक्टोबर २०२४ मध्ये गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून मे २०२५ मध्ये गोव्यास परतल्या. ती ‘तारिणी’ गोव्यातच बांधलेली आहे. आणि जोडीचेच उदाहरण हवे असेल तर २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये ‘४७०’ जातीच्या दुहेरी होडीची शर्यत प्रथमच एक पुरुष व एक स्त्री अशा जोड्यांची झाली. सुवर्णपदक ऑस्ट्रियाला मिळाले. त्या होडीचे सुकाणू लारा फाडलाऊ या स्त्रीच्या हाती होते आणि लुकास मेर हा पुरुष तिचा जोडीदार खलाशी होता. त्याच्याही हाती दोर होतेच. पण ते का धरले आहेत हे त्याला नेमके ठाऊक होते.

मात्र अभियंतेसाहेबांच्या बोलण्यात एक कण खरा आहे, तो मी नाकारीत नाही. नवऱ्याने बायकोला शिकवू नये. होडीवर नव्हे, मोटारीवर नव्हे, कदाचित पेटीवादनही नव्हे. शिकवणारा नवरा पहिल्या दहा मिनिटांत अधिकारी होतो आणि अकराव्या मिनिटाला वरिष्ठ अधिकारी. पण म्हणून तिने शिकूच नये असे नाही. दोघांनी तिसऱ्याकडे शिकावे. त्या शनिवारनंतर होडी तीन आठवडे ताडपत्रीखाली होती. सूनबाईला दर सुट्टीला ‘कामे’ निघत. घरात कोणी कोणाशी वाईट बोलत नव्हते, आणि तेच वाईट होते. शेवटी तिनेच शेजारच्या एका आजीबाईंना विचारले. त्या सत्तरीच्या पुढच्या, नवरा जाऊन बरीच वर्षे झालेली, आणि अजूनही आपली होडी एकट्या उतरवणाऱ्या.

त्यांनी दोघांना तळ्यावर नेलेच नाही. रविवारी सकाळी शाळेच्या रिकाम्या वाहनतळावर नेले. तेथे चार नारिंगी शंकू ठेवून त्यांच्यामध्ये ट्रेलर मागे घ्यायला लावला. पहिली युक्ती अशी: स्टिअरिंग वरून न धरता खालच्या बाजूने एका हाताने धरायचे. मग ट्रेलर ज्या बाजूस जायला हवा त्याच बाजूस हात न्यायचा. उलट्याचे सुलट होते. दुसरी: ट्रेलर वाकडा जाऊ लागला की हट्टाने मागे रेटायचे नाही, पुढे जाऊन सरळ करून पुन्हा यायचे. पुढे जाण्यात कमीपणा नाही. आमच्या चिरंजीवांना ही दुसरी युक्ती पहिलीपेक्षा अवघड गेली. तिसरी: दर अर्ध्या तासाने जागा बदलायची. जो चालवीत होता तो खाली उतरून खुणा करणार, जो खुणा करीत होता तो चालवणार. एकदा आपण आरशात पाहत बसलो की खाली उभे असलेले माणूस किती वेळा दिसेनासे होते हे समजते, आणि एकदा खाली उभे राहिलो की चालकाची ‘डावी’ ही किती निरुपयोगी वस्तू आहे हे समजते. म्हणून खुणा हाताच्याच, त्याही आधी ठरवलेल्या. खूण करणारा आरशात दिसेनासा झाला की ब्रेक. तोंडाने ओरडायचा शब्द एकच, ‘थांब’; आणि तो कोणीही म्हटला तरी दुसऱ्याने आधी थांबायचे, कारण नंतर विचारायचे. (कानात घालून एकमेकांशी हळू आवाजात बोलण्याची यंत्रेही तेथे मिळतात, आणि नावाडी मंडळी त्यांना थट्टेने ‘संसार वाचवणारी’ म्हणतात. आजीबाईंचे त्यांच्याबद्दल मत चांगले नव्हते. ज्यांना काय बोलायचे ते ठरवता येत नाही त्यांना ते कानात ऐकवून काय उपयोग, असे त्या म्हणत.)

चौथी गोष्ट मला सर्वांत आवडली, कारण ती माझ्या खात्यातली होती. उतारावर जाण्यापूर्वीच, रांगेबाहेर उभे राहून, एका कागदावरची यादी वाचायची. बूच लावले का, मागचे पट्टे सोडले का, पुढचा व मागचा असे दोन्ही दोर बांधले का, ट्रेलरच्या दिव्यांची तार काढली का, जीवरक्षक जाकिटे आत आहेत का, होडीची किल्ली कोणाकडे. लांबून आलो असू तर चाकांचे गाभे निवू द्यायचे. तापलेला गाभा थंड पाण्यात बुडाला की आत पाणी ओढून घेतो आणि गोळ्या गंजतात. पुढच्या टोकाचा पट्टा आणि साखळी मात्र पाण्याला टेकेपर्यंत सोडायची नाही, नाहीतर होडी काँक्रीटवर. आणि ही यादी वाचणारा तो नव्हे ज्याने ही कामे केली. ज्याने केली त्याने ऐकायचे, दुसऱ्याने हात लावून पाहायचे. आजीबाई कोणत्याही लेखापरीक्षण अकादमीत गेलेल्या नव्हत्या.

जुलैअखेर दोघांनाही दोन्ही कामे येऊ लागली. फार सुरेख नव्हे, येऊ लागली. भांडणे बंद झाली असे मी म्हणणार नाही, परंतु ती आता बरोबरीच्या माणसांची भांडणे होती आणि मोटार घराशी येईतो संपत.

ऑगस्टमध्ये एका दुपारी आम्ही चौघे पाण्यावर होतो. मुलाने गळ फेकताना काय केले कोण जाणे, गळाचा काटा त्याच्या उजव्या तळहातात, अंगठ्याच्या मुळाशी, पार आत गेला. काट्याला उलटे दात असतात. ओढून निघत नाही. तो पांढरा पडला आणि खाली बसला. किनारा लांब होता आणि वारा वाढत होता. सूनबाईने हात पाहिला, रुमालाने बांधला, काटा हलू नये म्हणून दोरी कापली आणि सुकाणूवर बसली. धक्क्याशी होडी लावली. मला पुढचा दोर दिला, सौ.ला मागचा, आणि कोणता दोर का धरायचा हे एका वाक्यात सांगितले. वर जाऊन मोटार आणली, एकदा वाकडी गेली, पुढे जाऊन सरळ केली, दुसऱ्या खेपेस ट्रेलर पाण्यात. विंच फिरवून होडी चढवली. यादी वाचली. कोणाला? नवऱ्याला. आणि तो डाव्या हाताने बूच काढलेले दाखवीत होता. मग इस्पितळात. तेथे गळ निघाला, एक सुई टोचली, एवढेच.

असे प्रसंग रोज येत नाहीत, असे अभियंतेसाहेब म्हणतील. येत नाहीत. विषमज्वरही मला एकदाच झाला.

एक गोष्ट मात्र मी मान्य करतो. काही बायकांना चाकामागे बसायचे नसते, आणि काही पुरुषांनाही नसते. ज्याला नको त्याच्यावर सक्ती नको. परंतु ‘नको’ म्हणण्यापूर्वी ते काय आहे हे एकदा रिकाम्या मैदानावर हाताखालून गेले पाहिजे. निदान इंजिन बंद कसे करतात, नांगर कसा टाकतात, होडी वळवून काठाला कशी आणतात, एवढे तरी पाण्यावर जाणाऱ्या प्रत्येकाला आले पाहिजे. आणि नवऱ्याने स्वतःच्या मनाने ‘तिला आवडत नाही’ असे ठरवून टाकू नये. मी ते अनेक बाबतींत अनेक वर्षे ठरवले होते.

कारण त्या शाळेच्या वाहनतळावर आणखी एक प्रकार घडला, तो मी कोजागिरीला सांगितला नव्हता. मुले दमून सावलीत बसली तेव्हा आजीबाईंनी आम्हा दोघांना खुणेने बोलावले. माझ्या उभ्या नोकरीत मोटार ड्रायव्हरने चालवली. सौ.ने लग्नाआधी नागपुरास वडिलांची फियाट चालवली होती. त्यानंतर कोणी तिला विचारले नव्हते. ती बसली, पदर खोचला, खालच्या बाजूने स्टिअरिंग धरले आणि पहिल्या खेपेस एक शंकू पाडला, दुसऱ्या खेपेस एकही नाही. मग माझी पाळी आली. पाचव्या खेपेलाही मी दोन शंकूंवरून ट्रेलर नेला. सौ. मागे उभी राहून हाताने खुणा करीत होती, अगदी ठरल्याप्रमाणे, आणि आरशात ती मला सबंध वेळ दिसत होती.